तटस्थतेचा ॲप्रन आणि चवदार तळे

६ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात चार माणसांनी जेपी मॉर्गन चेस या बँकेच्या दाराला स्वतःला साखळीने बांधून घेतले. त्यांपैकी पीटर कॅलमस हा 'नासा'च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतला शास्त्रज्ञ. कोळसा, तेल आणि वायू यांच्या धंद्याला ही बँक सर्वांत जास्त पैसा पुरवते, असा त्यांचा आरोप होता. आम्ही कित्येक वर्षे सांगत आहोत आणि कुणी ऐकत नाही, हे सांगताना कॅलमसचा गळा दाटून आला. पोलिसांचा ताफा आला, अटक झाली. त्याच दिवशी माद्रिदमध्ये शास्त्रज्ञांनी संसदेच्या दारात बिटाचे लाल पाणी ओतले. पुढच्याच आठवड्यात लंडनमध्ये एका सरकारी खात्याच्या काचांवर शोधनिबंधांची पाने चिकटवली गेली आणि पानांशेजारी काही शास्त्रज्ञांनी स्वतःचे हातही चिकटवले. 'सायंटिस्ट रिबेलियन' या नावाखाली दोन डझनांहून अधिक देशांत त्या दिवसांत असे प्रकार झाले.

कॅलमसच्या त्या भाषणाची चित्रफीत मला वसतिगृहातल्या एका मुलाने मोबाइलवर दाखविली. मुलगा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. वडील वीटभट्टीवर आहेत. तो म्हणाला, "सर, हा रडतोय. शास्त्रज्ञाने असं रडलं तर चालतं का?"

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला आहे. त्यात शास्त्रज्ञाच्या जागी तेव्हा लेखक होता, एवढाच फरक. म्हणून हा लेख.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा मी बी.ए.च्या वर्गात होतो. आम्हांला समीक्षा शिकविणारे एक प्राध्यापक वर्गात म्हणाले, हे वाङ्मय नव्हे, ही फिर्याद आहे. लेखकाने अनुभवापासून दूर उभे राहावयास हवे. आम्ही मागच्या बाकांवर होतो. कुणी काही बोलले नाही. त्या काळी प्रस्थापित समीक्षेच्या हाती तटस्थता, अलिप्तता, कलात्मकता असे शब्द होते आणि आमच्या वाट्याला 'प्रचारकी' हा एकच शब्द होता. जो सोसतो त्याला सोसण्याचे नीट वर्णन करता येणार नाही, त्यासाठी न सोसणारा माणूस पाहिजे, असा त्या सौंदर्यविचाराचा मथितार्थ होता. आमच्या लेखकांनी त्याला उत्तर दिले ते वादविवादाने कमी आणि 'मी' या सर्वनामाने जास्त. मी जात चोरली, मी उपाशी झोपलो, मी पाहिले. साक्षीदाराने तटस्थ असावे लागत नाही. त्याने खरे बोलावे लागते. दलित साहित्याने मराठी समीक्षेला शिकविलेल्या गोष्टींत ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

आता विज्ञानाची भाषा पाहा. शोधनिबंधाच्या वाक्यातून कर्ता हद्दपार केलेला असतो. 'आढळून आले', 'मोजण्यात आले', 'शक्यता वर्तविण्यात येते'. त्याला सबळ कारण आहे, हे मी मान्य करतो. तापमापक कुणाच्या हातात आहे यावर तापमान ठरू नये, म्हणून 'मी' बाजूला ठेवलेला असतो. ही शिस्त मानवजातीची मोठी कमाई आहे. पोथी आणि गुरू यांच्या शब्दांतून सुटका याच शिस्तीने झाली. परंतु शिस्त निराळी आणि सोवळे निराळे. निष्कर्ष काढताना हात थरथरू नये ही शिस्त. निष्कर्ष काढून झाल्यावर, घर जळते आहे असा निष्कर्ष निघाल्यावरही, 'आग लागली' असे ओरडू नये, ओरडल्यास तू शास्त्रज्ञ नव्हेस, हे सोवळे. १९८८ साली स्थापन झालेल्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांचे धोरणकर्त्यांसाठीचे सारांश सरकारांचे प्रतिनिधी एकेक ओळ तपासून मंजूर करतात. म्हणजे तटस्थ भाषेवर शेवटचा हात सरकारचा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये याच संघटनेच्या लोकांनी अशा एका अहवालाचा कच्चा मसुदा आधीच फोडला, तो सरकारे त्याची धार बोथट करतील या भीतीने.

जेम्स हॅन्सेन यांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हे 'नासा'च्या गोडार्ड संस्थेचे प्रमुख होते. २३ जून १९८८ रोजी त्यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली, की पृथ्वी तापते आहे हे ९९ टक्के खात्रीने सांगता येते. साक्ष जगभर छापून आली. पुढे काय झाले? परिषदा झाल्या, करार झाले, आणि हवेतला कर्बवायू वाढत गेला. २००६ साली, आपले बोलणे दाबण्याचा वरून प्रयत्न होतो आहे, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. आणि २३ जून २००९ रोजी, साक्षीला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, वेस्ट व्हर्जिनियात डोंगरांचे माथे उडवून कोळसा काढण्याविरुद्ध रस्त्यावर बसल्याबद्दल त्यांना अटक झाली. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. साक्षीच्या खुर्चीपासून पोलिसांच्या गाडीपर्यंतचा हा एकवीस वर्षांचा प्रवास मला कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शिकागो येथे अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या अधिवेशनात कॅलमस आणि रोझ अब्रामॉफ यांनी सभामंचावर एक कापडी फलक उलगडला. प्रयोगशाळेतून बाहेर या, रस्त्यावर या, अशा अर्थाचा. फलक लगेच काढून घेण्यात आला, दोघांना अधिवेशनातून घालविण्यात आले. अब्रामॉफ ओक रिज या सरकारी प्रयोगशाळेत काम करीत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची नोकरी गेली. कॅलमसची तेव्हा राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जियानलुका ग्रिमाल्दा या इटालियन संशोधकाला जर्मनीतील कील येथील संस्थेने काढून टाकले. संशोधनासाठी तो पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटावर गेला होता आणि तेथून विमानाने तातडीने परत येण्यास त्याने नकार दिला, हा त्याचा गुन्हा. अशा कृतींनी विज्ञानाची विश्वासार्हता जाते असा आक्षेप होता. ऑगस्ट २०२२ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात ब्रिटनमधील काही संशोधकांनी त्याला उत्तर दिले. स्वतःचे निष्कर्ष स्वतः खरे मानून वागणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास वाढू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आम्हांला त्यात नवीन काही नाही. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचे शब्द पाठ होते, पण विश्वास बसला तो शब्द उच्चारणारा माणूस तळ्याच्या पायऱ्या उतरला तेव्हा.

एवढे म्हटल्यावर, या मंडळींच्या लेखनाकडे समीक्षकाच्या नजरेने पाहणे मला भाग आहे. बाजू घेणे आणि डोळे मिटणे यांत फरक आहे.

हॅन्सेन यांचे पुस्तक २००९ साली आले. नावाचा अर्थ 'माझ्या नातवंडांची वादळे'. पुस्तकभर नातवंडे आहेत, त्यांची छायाचित्रेही आहेत. आजोबाची काळजी खरी आहे. परंतु वाङ्मयीन युक्ती म्हणून ती काय करते ते पाहिले पाहिजे. ती संकटाला उद्यात ढकलते, आणि संकटाचा धनी आपल्या रक्ताचा वारस आहे असे सुचविते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले असे पुढे अभ्यासकांनी मोजले. ती माणसे कुणाचीही नातवंडे होण्याची वाट न पाहता आजच्या उन्हात मेली. त्या आकड्याला जातीचा रकाना नाही. उन्हात उभे राहण्याचे काम या देशात कुणाकडे आहे, हे मात्र सांगावयास आकडा लागत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात डझनभराहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. मंडप कुणाच्या डोक्यावर होता आणि आकाश कुणाच्या, हे सर्वांनी पाहिले.

कॅलमसचे पुस्तक २०१७ चे. ते मला जवळचे वाटले, आणि अडचणीत टाकणारेही. हा माणूस आधी गुरुत्वलहरींच्या संशोधनात होता. त्याने आपला इंधनाचा वापर जवळजवळ एक दशांशावर आणला. विमान सोडले, सायकल धरली, मधमाश्या पाळल्या. तो ध्यानाला बसतो, आणि बसून उठल्यावर जग बदलावयाचे विसरत नाही. आपल्याकडच्या काही शिबिरार्थींनी हे वाचावे. याच पुस्तकात तो स्वतःच्या विष्ठेचे खत करण्याविषयीही लिहितो. घाण वाटू नये, हे पृथ्वीचे पृथ्वीला परत देणे आहे, असा सूर आहे. मी त्याची टर उडवीत नाही. परंतु हे पान वाचताना मला थांबावे लागले. माझी आजी दुसऱ्यांच्या घरची पाटी डोक्यावरून वाहत असे. पाटी पावसात गळे. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही या देशात माणसे गटारात उतरून मरतात. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाला विष्ठेला हात लावण्यात मुक्ती सापडली, कारण हात न लावण्याचे स्वातंत्र्य त्याला जन्मतः होते. साधी राहणी ही ज्याने निवडली त्याची साधना असते. ज्याच्यावर लादली गेली त्याला तिचे गोडवे ऐकविणे हा अपमान असतो. हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या पर्यावरणवाद्यांना माहीत असण्याचे कारण आहे, आणि तेही 'पूर्वीचे खेडे किती निसर्गपूर्ण' असे लिहितात तेव्हा मला राग येतो.

आता मूळ प्रश्न. कायदा मोडणे आंबेडकरी माणसाला मान्य आहे काय?

येथे आपल्यापैकी पुष्कळजण २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण काढतात. संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते, की सनदशीर मार्ग उघडे असताना सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत. ते अराजकाचे व्याकरण आहे. हे बोलणारा माणूस महाडचा पुढारी होता, म्हणून काहींना त्यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. महाडला काय झाले ते बारकाईने वाचावयास हवे. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागचे हजारो लोक तळ्यावर गेले तेव्हा त्यांनी कायदा मोडला नाही. त्यांनी कायदा प्यायला. मोडला तो लाठ्या घेऊन आलेल्यांनी, आणि नंतर पंचगव्याने तळे शुद्ध करणाऱ्यांनी. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या आधी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, आणि पाणी पिण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. मनुस्मृती मात्र जाळली. खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे.

आणखी एक गोष्ट. हा पुढारी लंडनचा डी.एस्सी. होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्याने साक्ष दिली होती, निवेदने लिहिली होती, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता. साक्ष, अहवाल, आकडेवारी यांचे मोल त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? तोच माणूस तळ्याकडे चालत गेला, कारण कागदावर उघडलेले तळे प्रत्यक्षात बंद होते.

माझ्या मते या शास्त्रज्ञांच्या कृतीला लावण्याची कसोटी हीच. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसला जगातल्या सरकारांनी करार केला. ब्रिटनने तर २००८ सालीच हवामानबदलाचा कायदा केला आहे. कागद खुला आहे. तळे बंद आहे. बँकेच्या दाराला साखळी लावणारा माणूस सरकारला सरकारच्याच सहीची आठवण करून देतो आहे. दार अडविणे हा तेथल्या कायद्याने किरकोळ गुन्हा आहे हे खरे, आणि या ठिकाणी महाडची तुलना पुरी पडत नाही हेही मी कबूल करतो. पाणी पिणे हा हक्क होता, दार अडविणे हा नाही. परंतु सनदशीर मार्ग 'उघडे असताना', या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. कुणाला उघडे? बोगनव्हिलच्या बेटावरच्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये मत नाही. आणि न्यायालय म्हणावे तर तेथेही पाहा. केंट परगण्यातील किंग्सनॉर्थ येथील कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीवरील निदर्शनाबद्दल सहा कार्यकर्त्यांचा खटला २००८ साली मेडस्टोनला चालला तेव्हा हॅन्सेन स्वतः साक्षीला उभे राहिले आणि ज्यूरीने सहाही जणांना सोडले. २०२३ साली लंडनच्या एका न्यायालयात रस्ता अडविल्याच्या खटल्यांत न्यायाधीशांनी, ज्यूरीपुढे हवामानबदलाचा उल्लेख करावयाचा नाही, असा हुकूम दिला. ज्यांनी केला त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात पाठविले. पंधरा वर्षांत दार इतके मिटले. सनदशीर मार्ग कोण बंद करतो आहे, हे आधी ठरवा आणि मग अराजकाचे व्याकरण कुणाच्या तोंडी आहे ते सांगा.

येथवर मी त्यांच्या बाजूने आहे. परंतु अटक करून घेणे हे ज्यांना भूषण वाटते त्यांच्याविषयी दोन शब्द. ब्रिटनमध्ये २०१९ सालीच 'रेचेड ऑफ द अर्थ' या गटाने पर्यावरण-चळवळीतील लोकांना खुले पत्र लिहून विचारले होते, की पोलिसांच्या हाती स्वखुशीने जाणे हे कुणाला परवडते? काळ्या माणसाला पोलीस स्वखुशीची संधी देत नाहीत. १९८२ साली उत्तर कॅरोलायनातील वॉरेन परगण्यात विषारी पीसीबी मिसळलेली माती काळ्यांच्या गरीब वस्तीजवळ आणून पुरण्यात आली, तेव्हा लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक अटका झाल्या. तेथे ॲप्रन नव्हता. विज्ञान मागून आले: १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने देशभराची पाहणी करून दाखविले, की विषारी कचऱ्याची जागा ठरविताना वंश हाच सर्वांत मोठा घटक आहे. त्याआधी ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट बुलार्ड या काळ्या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली मोजले होते, की शहराच्या मालकीचे पाचही कचरा-डेपो काळ्यांच्या वस्त्यांत आहेत. लॉस एंजेलिसला विज्ञान आधी आले आणि देह मागून. वॉरेनला देह आधी पडले. आपले नाते कुणाशी, हे सांगावयास नको.

आपल्याकडे शास्त्रज्ञाने देह पणाला लावल्याचे उदाहरण म्हणून जी. डी. अग्रवाल यांचे नाव घेतले जाते. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. गंगेचा प्रवाह मोकळा राहावा म्हणून १११ दिवस उपोषण करून ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या निष्ठेपुढे मी मान लववितो. पण त्यांनी संन्यास घेतला होता, आणि त्यांची गंगा ही आधी माता होती, मग नदी. अभियंत्याने मांडलेला प्रवाहाचा हिशेब सरकारने ऐकला नाही. संन्याशाची श्रद्धाही ऐकली नाही. आणि उपोषण या शस्त्राबद्दल आपल्या मनात सप्टेंबर १९३२ चे येरवडा आहे. एकाने जेवण सोडावे आणि दुसऱ्याच्या हक्कावर पाणी पडावे, हा अनुभव आपण विसरलेलो नाही. म्हणून मला उपोषणापेक्षा महाड जवळचे वाटते. तेथे कुणी स्वतःला मारीत नव्हता. तेथे माणसे पाणी पीत होती.

त्या मुलाने मला दुसरा प्रश्न विचारला होता. "सर, आपल्याकडे असं करता येईल?" मी त्याला साखळी बांधून घे असे सांगितले नाही. त्याच्यावर एक गुन्हा नोंदला गेला तर पोलीस पडताळणीत नोकरी जाईल आणि घरातला पहिला पदवीधर वीटभट्टीवर परत जाईल. माझ्या या उत्तराचा मला अभिमान नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याने आईच्या पत्र्याच्या खोलीत तापमापक टांगला आणि दीड महिना दर दोन तासांनी नोंदी केल्या. रात्रीच्या नोंदी आई करी. तिला आकडे येतात. वही घेऊन तो उष्णतेच्या आराखड्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेला. वस्तीसाठी सावली आणि पाण्याची टाकी एवढीच मागणी होती. तेथील साहेब म्हणाले, हा अधिकृत आकडा नव्हे; अधिकृत आकडा वेधशाळेचा. दुसऱ्या दिवशी तो आईला आणि वस्तीतल्या अकरा बायांना घेऊन गेला. त्या कार्यालयाच्या आतल्या खोलीत, पंख्याखाली, फरशीवर बसल्या. ॲप्रन घालून जाऊ का, असे त्याने आदल्या रात्री मला विचारले होते. मी म्हणालो, नको, उगीच डोळ्यांवर येईल. तो घालून गेला. साहेब आले तेव्हा बाया उठल्या नाहीत. त्यांतली एक म्हणाली, "बसा साहेब, इथं गार हाय."